कप माझे, बशा निकच्या

मी, श्रीमती आयरीन विल्क, माहेरची कट्सारोस, दिवंगत लेनर्ड विल्क यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार चौथी गल्ली, क्रॉफर्ड लँडिंग, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि तरीही कोणाला शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून पाहावा. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणणारे कोणी जवळ उरलेलेही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात माझ्या भावाला नाव घेऊन वगळले होते, ते मी या लेखाने रद्द करते. याचा अर्थ माझा राग गेला असा कोणी काढू नये.

वकील बर्डेट यांचे म्हणणे असे की हा सगळा मजकूर दीड पानात बसेल. बसेल. पण मरणार मी आहे, ते नाहीत.

१. माझी जी काही देणी निघतील ती आधी फेडावीत. अंत्यविधी नदीकाठच्या आपल्या ग्रीक चर्चमध्ये व्हावा. फादर स्टिव्हन यांनी भाषण आवरते घ्यावे. त्यांना माझ्याविषयी फारसे ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे ते निकने सांगितलेले आहे. नंतरच्या जेवणात रीतीप्रमाणे मासा असावा आणि तो कागदी ताटल्यांत वाढू नये. कागदी ताटल्या आणल्यास त्या जेवणाला मी आले नाही असे समजावे.

२. चौथ्या गल्लीतले राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी अँजेला, राहणार फीनिक्स, हिला मिळावी. घर तिने विकले तरी माझी हरकत नाही. ती परत येणार नाही हे मला कळते. दक्षिणेकडची न्हाणी गळते, हे मात्र घेणाऱ्याला आधी सांगावे.

भांडी अँजेलाला दिलेली नाहीत. ती रागावणार नाही, कारण मागच्या नाताळात आमचे यावर बोलणे झालेले आहे.

“आई, मला नकोत ती. माझ्या मशीनमध्ये ती उभीच राहत नाहीत.”

“हाताने धू.”

“हाताने कोण धुतं आता?”

“मी धुते.”

“म्हणून तर तुझी बोटं अशी झालीत.”

तिच्याकडे काळ्या चौकोनी ताटल्या आहेत. त्यांत वाढलेले अंडे सुतकात बसल्यासारखे दिसते. पण घर तिचे, अंडे तिचे. तिला सहा ताटल्या मात्र घ्याव्याच लागतील. त्या तिने भिंतीला टांगू नयेत.

३. आता मुख्य मालमत्तेविषयी.

तळघरात, स्वयंपाकघरालगतच्या कोठीत आणि अँजेलाच्या जुन्या खोलीत जी भांडी आहेत ती सगळी ‘कट्सारोस ग्रिल’ या आमच्या रेस्टॉरंटची आहेत. जे हे वाचतील त्यांपैकी बहुतेकांनी ते रेस्टॉरंट पाहिलेले नसेल. म्हणून थोडे लिहिणे भाग आहे.

माझे वडील स्टॅमाटिस कट्सारोस ग्रीसच्या खिओस बेटावरून इथे आले. दुसऱ्यांच्या हॉटेलांत वीस वर्षे राबून त्यांनी १९४८ साली पुलाजवळ स्वतःची जागा घेतली. त्या काळी या खोऱ्यात नदीच्या दोन्ही काठांना भांड्यांच्या भट्ट्या होत्या. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात, आगगाडीत, बोटीवर माणूस जेवायला बसला की त्याच्यापुढची ताटली आमच्याकडची असायची. जाड, जड, दुधावरच्या सायीच्या रंगाची. कडा गोल वळवलेली, म्हणजे एकीवर एक आपटली तरी टवका उडू नये. कपाचे ओठ जाडसर, म्हणजे कॉफी निवत नसे. घरातल्या नाजूक चिनी मातीसारखी ती मिरवायची वस्तू नव्हती. दिवसातून दहा वेळा वाढायची, विसळायची, पुन्हा वाढायची वस्तू होती. अजूनही आमच्या भागातला जुना माणूस परक्या ठिकाणी जेवायला बसला की आधी ताटली उलटी करून मागचा शिक्का पाहतो. माझ्या नवऱ्याने आमच्या लग्नात पाहिला होता. तो भट्टीवर कामाला होता, त्यामुळे आईने त्याला माफ केले.

बाबांनी ठरवले की आपल्या रेस्टॉरंटची ताटली स्वतःची असेल, बाजारातली तयार छापाची नव्हे. ते रस्त्यापलीकडच्या टॅगार्ट पॉटरी या भट्टीत गेले. तिथल्या चित्रकाराला, प्रेंटिस नावाच्या शांत माणसाला, त्यांनी सांगितले की कडेने द्राक्षाची पाने हवीत आणि वरच्या बाजूला एक पाकोळी. बाबांचे इंग्रजी तेव्हा जेवणाच्या पदार्थांपलीकडे गेलेले नव्हते. पक्ष्याचे नाव काही त्यांना येईना.

“वसंतात येतो,” बाबा म्हणाले. “छपराखाली घर करतो. लहान. शेपूट अशी.” आणि त्यांनी दोन बोटे फाकून दाखवली.

प्रेंटिसने मान हलवली. त्याला समजले असे सगळ्यांना वाटले.

१९४९ च्या उन्हाळ्यात पेटारे आले. मी सहा वर्षांची होते आणि पेंढा उपसायला मला बोलावले होते, म्हणून हे ऐकीव नाही. बाबांनी पहिली ताटली बाहेर काढून पुसली आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे काय आहे?”

“तुमचा पक्षी,” प्रेंटिस म्हणाला.

“हा उडेल कसा? हा आत्ताच जेवून उठलाय.”

खरोखरच तो छाती पुढे काढून बसलेला, अंगात मान रुतलेला पक्षी होता. शेपटीला मधे एक चीर होती, ती बाबांच्या बोटांची. ऑर्डर परत करायची सोय नव्हती. आणि खरे सांगायचे तर आईला तो आवडला. पण गावाने दुसऱ्याच आठवड्यात त्याला कबुतर केले. ‘चल, स्टॅमच्या कबुतराकडे जाऊ’ असे लोक म्हणायचे. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्रत्येक वेळी, कॉफी ओतता ओतता सांगायचे की ती पाकोळी आहे. शेवटच्या आजारात डॉक्टरांनाही त्यांनी सांगितले. सांगून काही उपयोग झाला नाही. पुढे ते काम माझ्याकडे आले, आणि माझ्या सांगण्याचाही झालेला नाही.

४. माझा धाकटा भाऊ निकोलस कट्सारोस, म्हणजे निक, याच्याविषयी.

बाबा १९७८ साली गेले. रेस्टॉरंटची जागा आणि धंदा त्यांनी निकच्या नावे केला होता, कारण तो मुलगा होता. मी चौदाव्या वर्षापासून तिथे उभी होते. निक तेव्हा कोलंबस शहरात विमा विकत होता. याबद्दल मी बाबांना काही बोलले नाही. ते गेल्यावर बोलायला कोणी नव्हते. निक परत आला, गल्ल्यावर बसला, आणि आम्ही दोघांनी सहा वर्षे ते चालवले. तो वाईट नव्हता. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. मग भट्ट्या बंद पडू लागल्या, बाहेरून स्वस्त माल आला, प्लास्टिक आले, आणि दुपारी जेवायला येणारी माणसेच गावात राहिली नाहीत. टॅगार्टची धुराडी पाडली त्या दिवशी आमच्याकडे चार जण जेवले.

१९८४ च्या मार्चमध्ये मी आईला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी क्लीव्हलँडला घेऊन गेले. आठवड्याने परत आले आणि रेस्टॉरंटच्या मागच्या दाराने आत शिरले. फडताळे रिकामी होती. धुळीत ताटल्यांच्या चळतींचे गोल उमटलेले होते, नुसते गोल, एकाशेजारी एक. निक पुढे खुर्च्या मोजत होता.

“ताटल्या कुठं आहेत?”

“विकल्या.”

“कोणाला?”

“एक जण ट्रक घेऊन आला होता. म्हणाला, सगळ्या उचलतो.”

“कोण एक जण? नाव काय त्याचं?”

“विचारलं नाही मी.”

“मलाही विचारलं नाहीस.”

“तू दवाखान्यात होतीस. आईचं चाललं होतं. आणि ताटल्याच होत्या गं, आयरीन.”

मी एप्रन काढून काउंटरवर ठेवला आणि घरी गेले. त्यानंतर चौतीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियात राहायला गेला. ईस्टरला आम्ही एकाच चर्चमध्ये असायचो, तो उजव्या बाकांवर आणि मी डाव्या. आई गेली तेव्हाही सगळे बोलणे त्याची बायको कॉनी हिच्यामार्फत झाले. ‘तिला विचार, कॉफी किती जणांची सांगायची.’ ‘त्याला सांग, सगळ्यांची.’ मी तीन हातांवर उभी होते.

५. पहिली ताटली मला चौऐंशी सालीच अग्निशमन दलाच्या जुन्या बाजारात दिसली. एक बाई तीत खिळे ठेवून विकत होती. मी खिळ्यांसकट घेतली. तिथून हे सुरू झाले. माझा नवरा लेन गाडी चालवायचा आणि मी नकाशा धरायचे. मेलेल्यांच्या घरातली विक्री, चर्चची विक्री, धान्याच्या कोठारात भरणारे बाजार. लोकांनी त्या ताटल्यांचे काय काय केले होते ते लिहायला घेतले तर वकील बर्डेट मला सोडून जातील. कुंडीखाली, कुत्र्यापुढे, रंग कालवायला. बऱ्याच वस्तू तर मला गावातल्याच चांगल्या घरांत सापडल्या. आमच्या गिऱ्हाइकांनी त्या कोटाखालून नेल्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पश्चात त्यांच्या कपाटात आमचे अकरा कप निघाले. अकरा माणसे जेवायला यावीत एवढे मोठे कुटुंबही नव्हते त्यांचे.

या काळात श्री. हॅरल्ड ट्विचेल यांनी जुन्या रेस्टॉरंटांच्या भांड्यांवर एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यात आमच्या ताटलीचे छायाचित्र आहे आणि खाली लिहिले आहे, ‘कबुतर व वेल’. मी त्यांना पत्र लिहिले. छायाचित्रे पाठवली, बाबांची गोष्ट लिहिली, फोन केला.

“बाईसाहेब, मी पक्षी पाहून लिहितो,” ते म्हणाले.

“आणि मी पेटारे आले तेव्हा तिथं होते.”

“पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो.”

पुढच्या आवृत्तीत त्यांनी ‘कबुतर’ काढून ‘पारवा’ घातले.

मग संगणकावरचे लिलाव आले. अँजेलाने मला ते शिकवले आणि मला वाटले, आता घरबसल्या सगळे सापडेल. सापडायचेही. पण दुसऱ्याच महिन्यापासून माझ्याविरुद्ध कोणीतरी बोली लावू लागले. तिथे नावे दिसत नाहीत. दोन अक्षरे आणि मधे चांदण्या. मी वाढवले की तो वाढवायचा. तीन कप्प्यांच्या ताटल्या, ज्यांत बाबा मटण, बटाटे आणि घेवडा वेगवेगळे वाढायचे, त्यांतली एकही मला मिळू दिली नाही त्याने. बशा तर सगळ्याच्या सगळ्या नेल्या. मी चिडून कपांवर हात मोकळा सोडला आणि कप मी नेले.

“कोणीतरी वेडा आहे,” लेन म्हणायचा. “तुझ्यासारखाच.”

लेन दहा वर्षांपूर्वी गेला. तो माणूस मात्र हटला नाही. विकणाऱ्यांचे फावले. जगात ही ताटली हवी असणारी माणसे दोनच, आणि दोघेही माघार घेत नाहीत, हे त्यांना माझ्याआधी कळले होते. बिनाबशीचे कप घेऊन मी वीस वर्षे बसले आहे. रोज सकाळी कपाखाली कागद घालून कॉफी पिताना मी त्या माणसाला काय काय म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

६. मागच्या वर्षी वसंतात सगळ्यात मोठे अंडाकृती ताट विक्रीला आले. ईस्टरचे कोकरू बाबा त्यावर आणायचे. ते मी पस्तीस वर्षांत पाहिले नव्हते. माझी बोली शेवटच्या क्षणी मोडली. मला राहवेना. मी विकणाऱ्या बाईला, इंडियानातल्या मार्लीनला, फोन लावला आणि म्हणाले की मी वर आणखी देते, पण ताट मला द्या.

“अहो, ते कालच रवाना झालं,” ती म्हणाली. “आणि तुमच्या जवळच गेलंय की. नदीच्या पलीकडे. तुम्ही ओळखत असाल त्यांना, जाऊन बघून या.”

“कोणाला ओळखत असेन?”

“कट्सारोस म्हणून आहेत. नेहमीचे गिऱ्हाईक माझे. फार गोड बोलतात.”

मी तिचे आभार मानले की नाही ते आठवत नाही. न मानले असल्यास इथे मानते.

७. निकचा नंबर माझ्याकडे नव्हता. चर्चच्या पुस्तिकेत होता. कॉनीने फोन उचलला आणि तिचे आतले बोलणे मला ऐकू आले.

“निक, आयरीन आहे.”

“कोण आयरीन?”

“किती आयरीन आहेत तुला?”

तो फोनवर आला. श्वास जड झाला होता त्याचा. मी नमस्कार-चमत्कार केला नाही.

“ते मोठं ताट तू घेतलंस?”

“कुठलं?”

“निक.”

“हो. घेतलं.”

“आणि बशा? कप्प्यांच्या ताटल्या?”

“त्याही.” मग थांबून म्हणाला, “थांब. कप तू नेलेस?”

“वीस वर्षं झाली नेतेय.”

“मला वाटलं कोणी व्यापारी आहे. बाबांच्या वस्तू साठवून महाग विकणारा. म्हणून तर मी सोडत नव्हतो.”

“तुला त्या कशाला हव्या होत्या? ताटल्याच होत्या ना?”

मागे कॉनी काहीतरी विचारत होती.

“तुला द्यायला,” तो म्हणाला. “सगळ्या जमल्या की घेऊन येणार होतो.”

“सगळ्या कधी जमणार होत्या, निक? अर्ध्या माझ्याकडे आहेत.”

इतका संताप मला चौऐंशी सालीही आला नव्हता. माणूस शत्रू असला तर निदान झोप लागते. मी त्याला म्हटले, उद्या येते. तो म्हणाला, पूल बंद आहे, खालच्या पुलावरून ये.

दुसऱ्या दिवशी मी एक कप टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये घातला आणि गेले. निकने गॅरेज उघडले. गाडी बाहेर उन्हात ठेवली होती आणि आत तीन भिंतींना लोखंडी मांडण्या, छपरापर्यंत. ताटल्या, बशा, लोण्याच्या चिमुकल्या वाट्या. सगळ्या धुऊन पुसून. मधल्या मांडणीवर ते मोठे ताट उभे होते. निक म्हातारा दिसत होता, पाठीत वाकलेला. बाबांसारखा. मला काहीतरी चांगले बोलायचे होते. पण मी जवळ गेले आणि पाहिले.

“मधे कागद नाहीत.”

“काय?”

“एकीवर एक नुसत्या ठेवल्यास. खालच्या कडेने वरची झिजते, निक. प्रत्येक दोन ताटल्यांमधे कागद घालायचा असतो. इतकी वर्षं तू हे असं ठेवलंयस?”

“बाबा कुठं घालायचे कागद?”

“बाबा रोज वापरायचे.”

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने चौऐंशी सालचे सांगितले, मी न विचारता. सोमवारी बँकेचे लोक कुलूप लावून जाणार होते आणि आत जे असेल ते त्यांचे होणार होते. ट्रकवाल्याच्या पैशातून त्याने वाढपी बायकांचा शेवटचा पगार दिला. त्यांतल्या डॉटीला विचार, म्हणाला. मी डॉटीला विचारले, पगार मिळाला होता. तेव्हा निकचे म्हणणे खरे असेल. पण क्लीव्हलँडला फोन होता. दवाखान्याच्या प्रत्येक मजल्यावर होता. हे मी त्याला म्हटले.

“तू काय म्हणाली असतीस?” त्याने विचारले.

“विकू नको म्हणाले असते.”

“म्हणून केला नाही.”



मी टॉवेल सोडला आणि कप त्याच्या एका बशीवर ठेवला. बशीच्या मधल्या गोलात तो बरोबर बसला, हलला नाही. आम्ही दोघे बघत उभे राहिलो. तेवढ्यात कॉनी कॉफी घेऊन आली, पेट्रोल पंपावर फुकट मिळतात तसल्या मगांत.

“त्यात का नाही ओतलीस?” मी विचारले.

“त्याला हात लावायची सोय आहे का मला? लग्नाला पन्नास वर्षं झाली, या गॅरेजात मी पाहुणी आहे.”

ती कॉफी त्या एका कपात ओतली आणि आम्ही तिघांनी आळीपाळीने प्यायली. त्यानंतर लगेच आमचे पुन्हा भांडण झाले. निकचे म्हणणे, माझे कप तिकडे आणावेत, कारण त्याचे गॅरेज कोरडे आहे. माझे म्हणणे, त्याच्या बशा इकडे आणाव्यात, कारण कोठीतली फडताळे लेनने खास त्या मापाने केली आहेत. दीड वर्ष झाले. दर रविवारी तो फोन करतो, दर रविवारी हाच विषय निघतो आणि कोणीतरी एक जण फोन ठेवून देतो. कप इकडे आहेत, बशा तिकडे आहेत.

८. म्हणून मी पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

(अ) माझ्या मृत्यूसमयी निक हयात असल्यास माझ्याकडची कट्सारोस ग्रिलची सर्व भांडी, अँजेलाच्या सहा ताटल्या आणि खालील अपवाद सोडून, त्याच्या मालकीची होतील. निकने त्याच्या मृत्युपत्रात उलट बाजूने हेच लिहिले आहे आणि मला ते वाचून दाखवले आहे. म्हणजे जो आधी मरेल तो हरला. मला हे मान्य नाही, पण दुसरा मार्ग आम्हा दोघांना सापडला नाही.

(आ) भांडी नेताना प्रत्येक दोन ताटल्यांमधे कागद घालावा. निकने घालू नये, कॉनीने घालावा.

(इ) आम्ही दोघेही नसू तेव्हा सगळा संच चर्चच्या सभागृहातल्या स्वयंपाकघराला द्यावा. कुलूपबंद कपाटात नव्हे. लग्न, बारसे, मयत, जे असेल त्या जेवणाला त्यात वाढावे. फुटली तर फुटली. कोणी कोटाखालून नेली तर नेऊ द्यावी, पण दोन वेळा नेणाऱ्याला ओळखून ठेवावे.

(ई) माझ्याकडच्या लोण्याच्या वाट्या डॉटी मॅकगिल हिला. तिने आमच्याकडे तेवीस वर्षे वाढले आणि एकदाही ताटली आपटली नाही.

(उ) श्री. हॅरल्ड ट्विचेल यांना एक ताटली, टवका उडालेली. शेपटीकडे नीट पाहावे, एवढीच अट.

(ऊ) जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयाने मला ‘आमच्याकडे ताटल्या खूप झाल्या’ असे कळवले होते. त्यांना काही नाही.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कॉनी कट्सारोस हिने करावी. निकशी आणि माझ्याशी एकाच दिवशी बोलू शकणारी ती एकमेव व्यक्ती आहे. या लेखावर कोणी तंटा केल्यास, अथवा वाटणीच्या वेळी पक्ष्याला कबुतर अथवा पारवा म्हटल्यास, त्याचा या मालमत्तेवरचा हक्क संपला असे समजावे. वकील बर्डेट म्हणतात हे न्यायालयात टिकणार नाही. लिहिलेले राहू द्यावे.

१०. हे कलम आज सकाळी, सहीला येण्यापूर्वी वाढवले आहे.

सॉस वाढायचे चोचीचे भांडे, नावेच्या आकाराचे, आम्हा दोघांकडेही नव्हते. बाबांनी अशी सहाच करून घेतली होती आणि सगळी फुटली असा आमचा समज होता. गेल्या गुरुवारी त्यातले एक लिलावात आले. पक्ष्यासह, टवकासुद्धा नसलेले. मी बघितले आणि निकला फोन केला नाही. मी ठरवले की या वेळी आपण बोली लावायची नाही. त्याला मिळू दे. त्याचे गुडघे गेले आहेत, बाहेर फारसा पडत नाही तो. खोके दारात आले की बरे वाटेल त्याला. चार दिवस मी संगणकाकडे गेलेही नाही. काल मुदत संपली आणि आज सकाळी मी त्याला फोन लावला.

“मिळालं का?”

“काय मिळालं का?”

“सॉसचं भांडं. घेतलंस ना?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“निक?”

“मी नाही लावली बोली,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू घेशील. म्हटलं, एकदा तरी तुला सुखानं घेऊ द्यावं.”

“मी तुझ्यासाठी सोडलं होतं.”

“मी तुझ्यासाठी.”

“मग घेतलं कोणी?”

त्याने संगणक उघडून पाहिले. ओरेगॉनमधल्या कोणी तरी घेतले होते. अकरा डॉलरला. समोर दुसरी बोलीच नव्हती.

आज आमच्यापैकी कोणीही आधी फोन ठेवला नाही. शेवटी कॉनीने त्याला न्याहारीला बोलावले.

तरी नमूद करते की सदर भांड्यावर माझा, निकचा अथवा आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. ओरेगॉनच्या त्या गृहस्थांनी अथवा बाईंनी त्यात खुशाल सॉस वाढावा. चोचीतून गळते, खाली बोट धरावे लागते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वकिलांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो मला बरोबर वाटला. तो ऐकून दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर केली.

सही: आयरीन कट्सारोस विल्क

साक्षीदार:
१. रोझमेरी ह्लावाटी, वकील बर्डेट यांच्या कार्यालयात कामाला
२. अर्ल साइझमोर, शेजारी, चौथी गल्ली

ठिकाण: क्रॉफर्ड लँडिंग, ओहायो
दिनांक: १२ नोव्हेंबर २०१९